गेटवेसमोरचा चौक वाचायचा कसा

गेटवे ऑफ इंडियाला आलेला माणूस आधी कमान बघतो, मग ताज, मग कबुतरं आणि लाँचची रांग. या क्रमाने गेलं की अपोलो बंदरच्या चौकाचा इतिहास उलटा कळतो, कारण कमान इथल्या बहुतेक मोठ्या इमारतींपेक्षा वयाने लहान आहे. ताज तिच्याआधी एकवीस वर्षं उभं होतं, आणि आज जिथे पोलीस मुख्यालय आहे ती इमारत अठ्ठेचाळीस वर्षं आधी. म्हणून चालायला सुरुवात समुद्राकडून करू नका. रीगल सिनेमाच्या चौकातून करा आणि समुद्र शेवटी ठेवा.

अंतर थोडं आहे. रीगलपासून गेटवेपर्यंत पाच-सात मिनिटांची चाल. पण नीट बघायचं तर अडीच तास हाताशी हवेत. सोबत एक छोटी दुर्बीण घ्या, कारण चांगलं कोरीवकाम सगळं वर आहे आणि मोबाइलच्या झूममध्ये दगडाचा पोत हरवतो. उजेडाचा हिशेब सोपा आहे: कमानीची समुद्राकडची बाजू सकाळी उजळते, शहराकडची दुपारी तीननंतर. दोन्ही बाजू एकाच फेरीत चांगल्या दिसत नाहीत, त्यामुळे काय बघायचं ते आधी ठरवा. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. गर्दीत मान वर करून उभं राहता येत नाही.

चार रकान्यांची वही

या चौकाबद्दल सर्वांत जास्त चुका होतात त्या सालांच्या, आणि त्यामागे एकच कारण असतं. दगडावर जे साल कोरलेलं असतं तेच इमारतीचं साल धरलं जातं. हे टाळायला वहीत चार रकाने आखा: निमित्त, पायाभरणी, उद्घाटन, नंतरचा वापर. प्रत्येक इमारतीसमोर हे चार रकाने भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गेटवेचंच बघा. कमानीच्या वरच्या लेखात शेवटी रोमन आकडा आहे: एमसीएमएक्सआय. एम म्हणजे १०००, सीएम म्हणजे ९००, एक्स १०, आय १, बेरीज १९११. ही तारीख राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी इथे उतरले त्या दिवसाची, २ डिसेंबर १९११. त्या दिवशी इथे कमान नव्हती. पायाभरणी झाली ३१ मार्च १९१३ रोजी, गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांच्या हस्ते. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या अंतिम आराखड्याला मंजुरी मिळाली १९१४ साली. मग १९१५ ते १९१९ समुद्रात भराव आणि धक्क्याची भिंत, १९२० ला पाया पूर्ण, आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन. म्हणजे ‘राजाच्या स्वागतासाठी गेटवे बांधला’ हे वाक्य चुकीचं आहे. तो उतरल्याची आठवण म्हणून बांधला. पहिला आणि तिसरा रकाना यांच्यात तेरा वर्षं आहेत, आणि त्यातली पाच वर्षं जमीन तयार करण्यात गेली. तुम्ही ज्या फरशीवर उभे राहता तिथली बरीचशी जागा तेव्हा पाण्याची होती.

चौथ्या रकान्यात एकच ओळ लिहा, पण ती विसरू नका: २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे स्वतंत्र भारतातून निघालेली शेवटची ब्रिटिश पलटण, या कमानीतून चालत जाऊन बोटीवर चढली.

हीच पद्धत रीगल चौकाच्या पलीकडच्या वस्तुसंग्रहालयाला लावा. निमित्त: युवराजांची १९०५ ची भेट. पायाभरणी: ११ नोव्हेंबर १९०५. इमारत तयार: १९१४. पण लगेच पहिलं महायुद्ध, त्यामुळे इमारत लष्करी रुग्णालयाकडे गेली आणि संग्रहालय म्हणून दारं उघडली १० जानेवारी १९२२ रोजी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे नाव १९९८ पासूनचं. आता दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. १९०५ ला इथे पायाभरणी करणारा युवराज आणि १९११ ला बंदरावर उतरणारा राजा हा एकच माणूस. वास्तुविशारदही एकच, विटेट. संग्रहालयाचा घुमट आणि गेटवेची कमान एकमेकांच्या नात्यातली का वाटतात ते इथे उलगडतं: एकात विजापूर-गोवळकोंड्याच्या घुमटांचा अभ्यास आहे, दुसऱ्यात सोळाव्या शतकातल्या गुजरातेतल्या मशिदींच्या कमानींचा.

रीगल चौकातून निघताना

चौकाच्या मधोमधचं कारंजं वेलिंग्टन फाउंटन, १८६५ चं. रस्ता ओलांडायच्या भानगडीत न पडता ते फुटपाथवरूनच बघा. वाहनं सगळ्या बाजूंनी येतात.

खरा वेळ द्या तो समोरच्या पोलीस मुख्यालयाला. आत जाता येत नाही, आणि फाटकाचे, पहाऱ्याचे फोटो काढू नयेत. समोरच्या फुटपाथवर उभे राहा आणि दुर्बिणीने दर्शनी भिंतीच्या त्रिकोणी माथ्याकडे बघा. तिथे नेपच्यून आहे, पाश्चात्त्य पुराणातला समुद्राचा देव, आणि त्याच्याभोवती जलपऱ्या आणि सागरी घोडे. पोलिसांच्या कचेरीवर समुद्रदेव काय करतो, हा प्रश्न पडला की इमारत बोलायला लागते. हे मुळात खलाशांचं वसतिगृह होतं, रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. राणी व्हिक्टोरियाचा दुसरा मुलगा आल्फ्रेड, ड्यूक ऑफ एडिनबरा, याने १८७० साली पायाभरणी केली म्हणून ते नाव. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मोठी देणगी दिली, आणि १८७६ साली इमारत पूर्ण झाली. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, ज्यांनी पुढे बोरीबंदरचं व्हिक्टोरिया टर्मिनस आणि महापालिकेची इमारत केली. बोरीबंदरला दिसणाऱ्या कमानी आणि व्हरांड्यांची तालीम इथे आधी झालेली आहे. तिथून आल्यावर इथे थांबलात तर हात एकच आहे हे लगेच ओळखू येतं.

चौथा रकाना या इमारतीचाच सर्वांत भरगच्च. १९२८ साली सरकारने ती कौन्सिल हॉलसाठी घेतली. पुढे मुंबई राज्याचं विधिमंडळ इथे भरलं, आणि १ मे १९६० नंतर महाराष्ट्राचंही. नरिमन पॉइंटचं विधान भवन १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आल्यावर ही वास्तू पोलिसांकडे आली. आपल्या राज्याचे सुरुवातीचे कायदे नेपच्यूनच्या छत्राखाली मंजूर झाले, आणि रोज हजारो माणसं वर न बघता या भिंतीला लागून जातात. कुलाबा कॉजवेच्या तोंडाशी असलेलं मनोऱ्यांचं मॅजेस्टिक आमदार निवासही याच साखळीतलं: मुळात हॉटेल, मग विधिमंडळ जवळ म्हणून आमदारांची राहण्याची सोय. दोन्ही इमारती एकत्र बघितल्या की विधानसभेची जुनी वस्ती कुठून कुठपर्यंत होती ते डोळ्यांसमोर येतं.

आता छत्रपती शिवाजी महाराज मार्गाने समुद्राकडे चला. वाटेत धनराज महल आहे, १९३० च्या दशकातला, आर्ट डेको धाटणीचा. तो गेटवेनंतरचा, हे वहीत टिपा म्हणजे क्रम चुकणार नाही. पुढे यॉट क्लब. क्लबची स्थापना १८४६ ची, आज दिसणारी उतरत्या छपरांची इमारत त्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतली. शेजारी अणुऊर्जा विभागाचं अणुशक्ती भवन. इथेही फोटो जपूनच.

कमान तिरकी का दिसते

या रस्त्याच्या टोकाला पोचल्यावर लगेच पुढे धावू नका. रस्त्याच्या मधल्या रेषेवर नजर ठेवा आणि ती रेषा कमानीच्या मध्यातून जाते का ते बघा. जात नाही. कमान रस्त्याला कोन करून उभी आहे. कमानीला सामोरा जाणारा भव्य रस्ता योजनेत होता. पैसे संपले आणि तो झालाच नाही. बांधकामाचा खर्च सुमारे २१ लाख रुपयांवर गेला होता. त्यामुळे मुंबईच्या सर्वांत प्रसिद्ध दरवाजाला समोरून येणारी वाटच नाही, येणारा प्रत्येक जण कडेने येतो. चौकाचा आकार अवघडलेला का वाटतो, याचं याहून चांगलं उत्तर नाही.

कमानीपाशी तीन गोष्टी बघा. दगड पिवळसर बेसाल्ट आहे, मुंबईतल्याच खरोडीचा; सोबत प्रबलित काँक्रीट. कोपऱ्यांवरचे चार मनोरे सहज दिसतात, पण मधला घुमट खालून बाहेरून दिसत नाही. त्याचा व्यास ४८ फूट आहे आणि तो कळतो कमानीखाली उभं राहून मान वर केल्यावरच. दोन्ही बाजूंना मोठी दालनं आहेत, प्रत्येकी ६०० माणसं मावतील एवढी. स्वागत समारंभांसाठी केलेली. लोक मधल्या कमानीचा फोटो काढतात आणि ही दालनं आहेत हेच विसरतात. त्यांच्या बाजूच्या दगडी जाळ्या जवळून बघा, समुद्राचा वारा आणि मीठ दगडाला काय करतं ते त्यांच्या कडांवर आधी दिसतं. सांध्यांतून उगवलेली रोपटी दिसली तर ती नुसती हिरवळ समजू नका. मुळं फट रुंदावतात, पाणी आत शिरतं आणि काँक्रीटमधली सळई गंजू लागते. ही वास्तू राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे.

बागेतला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ चा. परकीय राजाच्या आगमनाची कमान आणि तिच्यासमोर स्वराज्याचा राजा, ही मांडणी राज्य स्थापन झाल्यावरच्या पहिल्याच प्रजासत्ताक दिनाची आहे. तारीख वहीत पूर्ण लिहा. नुसतं ‘साठच्या दशकात’ लिहिलंत तर त्यातला अर्थ जातो.

ताज आणि ‘उलटं बांधलं’ ही गोष्ट

ताज १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, शेवटचा टप्पा डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केला. वैद्यांचं नाव मराठी माणसालाही सहसा माहीत नसतं, ते मुद्दाम लिहून ठेवा. इमारत चुकून उलटी बांधली, ही कहाणी तुम्हाला चौकात कोणीतरी सांगेलच. तथ्य एवढंच की मूळ प्रवेश शहराकडच्या बाजूने होता आणि समुद्राकडचा नंतर मुख्य झाला. पाहुणे गाडीतून शहराच्या बाजूने येत, आणि समुद्राचा वारा-देखावा खोल्यांना मिळावा हा हेतू होता. खात्री करायची असेल तर इमारतीच्या मागच्या गल्लीतून एक फेरी मारा.

जुना फोटो हातात आला तर

हा चौक जुन्या छायाचित्रांत वारंवार येतो आणि खालची सालं वारंवार चुकीची असतात. ताज नसेल तर फोटो १९०३ च्या आधीचा. ताज आहे, कमान नाही, तर १९०३ पासून १९२०च्या आसपासपर्यंतचा. कमान आहे पण पुतळा नाही, तर १९६१ च्या आधीचा. अर्थात पुतळ्याची जागा चौकटीत येते का ते आधी बघा. ताजचा उंच नवा मनोरा दिसला तर १९७० च्या दशकापासून पुढचा. फोटो उलटा छापलाय का, हेही तपासा: समुद्रातून बघताना ताज डावीकडे आणि गेटवे उजवीकडे असायला हवा, नवा मनोरा दोघांच्या मध्ये.

पुस्तकातून पडताळणी करताना १९०९-१० च्या मुंबई शहर गॅझेटिअरमध्ये गेटवे शोधू नका, तो तेव्हा नव्हता. अपोलो बंदर मात्र सापडेल, आणि नावाची चर्चाही. ग्रीक देवाशी त्याचा संबंध नाही. मूळ देशी नाव पालवा, त्याचं इंग्रजी जिभेवर अपोलो झालं असं समजलं जातं. पालवा कशावरून, यावर मात्र एकमत नाही. कोणी जहाजाच्या नावाशी जोडतं, कोणी माशाच्या नावाशी.

पायऱ्या आणि तिथी

कमानीमागच्या पायऱ्या पाण्यात उतरतात, आणि त्या भरतीला बघितल्या तर अर्ध्याच दिसतात. वेळ काढायची आपली जुनी पद्धत पुरेशी आहे: तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या पुढे. अमावास्येलाही हाच हिशेब, वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून थोडं आधी जाऊन थांबा. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी फारसं उतरत नाही, तेव्हा पायऱ्यांसाठी जाण्यात अर्थ नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत खाली जातं आणि दगडावर शेवाळाचा हिरवा पट्टा उघडा पडतो. त्याची वरची कड म्हणजे रोजच्या भरतीची खूण. हे वरून, कठड्याजवळून बघा. त्या पट्ट्यावर पाय टिकत नाही, आणि लाँचच्या लाटा ओहोटीतही दोन-तीन पायऱ्या वर येतात.