आजीच्या जात्यावरच्या ओव्या कशा मिळवाव्यात

घरातल्या ऐंशीच्या आजीसमोर मोबाईल धरून "आजी, जात्यावरची ओवी म्हण ना" असे म्हटले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : "माले काई याद नही." हे उत्तर खोटे नसते, मात्र त्यावरून ओव्या गेल्या असे समजू नये. "आठव" असे सांगितल्यावर जी स्मृती कामाला लागते आणि जात्याच्या खुंट्याला हात लागल्यावर जी जागी होते, त्या दोहोंचा मेंदूतला कारभार बराचसा वेगळा असतो.

हा वेगळेपणा अभ्यासकांना प्रथम स्पष्ट दिसला तो हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णात. त्याच्या फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली शस्त्रक्रियेने मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा काढण्यात आला आणि त्यानंतर घडलेले काहीही त्याच्या लक्षात राहीनासे झाले. तरीही ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा हे काम आपण काल केले होते याची त्याला आठवण नसतानाही त्याचा हात रोज सुधारत गेला. हाताला लागलेले वळण मुख्यतः बेसल गँग्लिया हे मेंदूच्या आतले भाग आणि लहान मेंदू सांभाळतात. आजीची ओवी शब्दांची आहे खरी, पण वर्षानुवर्षे ती दळणाच्या फेऱ्याला बांधूनच म्हटली गेली आहे. म्हणून सुरुवात हातापासून करावी.

जाते माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेले असेल. ते स्वच्छ पुसून घ्यावे आणि खुंटा सैल झाला असल्यास चिंधी गुंडाळून ठोकून बसवावा. रिकामे जाते फिरवू नये, कारण दगडावर दगड घासला की आवाज बदलतो आणि तो आवाज आजीच्या ओळखीचा नसतो. कळण्याच्या भाकरीसाठी घेतो तशी ज्वारी आणि थोडे उडीद घ्यावेत. आजीचा खांदा दुखत असेल तर ओढण्याचे काम समोर बसलेल्या सुनेने किंवा नातीने करावे. आजीचा हात खुंट्यावर नुसता टेकलेला असला तरी चालतो, आणि वैरण, म्हणजे जात्यात टाकायचे मूठभर धान्य, मात्र तिलाच घालू द्यावी. ठेका नुसता ऐकला तरी मेंदूतील हालचालीचे भाग सक्रिय होतात, हे मेंदूच्या स्कॅनवर दिसून आलेले आहे. जागेचेही महत्त्व आहे. गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली पाणबुड्या माणसांवर केलेल्या प्रयोगात पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवले, आणि काठावर पाठ केलेले काठावर. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी हवी असतील तर जाते उपयोगाचे नाही. तिथे निंबाच्या फांदीला झोका बांधावा लागतो.

वेळ सकाळची घ्यावी. ओव्यांची मूळ वेळ पहाटेची आहे, आणि स्मृतिभ्रंश असलेल्या अनेक वृद्धांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो. अल्झायमरमध्येही ओळखीच्या गाण्यांची स्मृती बरीच टिकून राहू शकते, आणि या स्मृतीशी निगडित मेंदूचे भाग आजारात तुलनेने उशिरा खराब होतात असे लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले. तथापि ओव्या म्हटल्याने आजार बरा होतो, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

विषय काढताना साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींकडे वळावे, कारण उतारवयात याच काळातल्या आठवणी सर्वांत दाट असतात. "सासरी पहिल्या वर्षी दळायला सोबत कोण बसायचं?" या प्रश्नाने जे मिळते ते "ओवी म्हण" याने मिळत नाही. गेलेल्या भावाचे नाव ओवीत आले आणि आवाज कापरा झाला, तर जाते थांबवावे, पाणी द्यावे आणि त्या दिवशी पुढे विचारू नये.

सर्वांत मोठी चूक आपल्याच तोंडून होते, आणि ती मी केलेली आहे. अमळनेरजवळच्या आमच्या गावी आजी एका ओळीवर अडली, तेव्हा मी घाईने "चंदन" हा शब्द पुरवला. तिने मान हलवली आणि ओवी पूर्ण केली. चार दिवसांनी पुन्हा रेकॉर्डिंग केले, तर तिथे "चंदन"च आले. मूळ शब्द कोणता होता हे आता कधीच कळणार नाही. आठवण प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते, आणि रचताना हाताशी आलेला परका शब्दही त्यात चिणला जातो. ती अडल्यास गप्प राहावे, जाते मात्र चालू ठेवावे; दोन-तीन फेऱ्यांत शब्द आला नाही तर पुढची ओवी येऊ द्यावी. अगदी राहवलेच नाही आणि शब्द सुचवला, तर वहीत त्याखाली रेघ मारून तो आपला असल्याची नोंद करावी.

एक बैठक वीस-पंचवीस मिनिटांची पुरे. दोन दिवसांनी पुन्हा बसावे, कारण मधल्या काळात काहीच न करताही नवीन ओळी वर येतात. फिलिप बॅलर्ड यांनी १९१३ साली लंडनच्या शाळकरी मुलांवर हेच पाहिले होते : पाठ केलेल्या कवितेच्या आधी न आठवलेल्या ओळी एक-दोन दिवसांनी, मधे उजळणी न करता, काही मुलांना आठवल्या.

मोबाईल जमिनीवर ठेवू नये. जात्याची घरघर थेट त्यात शिरते. घडी केलेल्या गोधडीवर, आजीच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवावा आणि फ्लाइट मोडवर टाकावा. आजीची संमती आधी घ्यावी, आणि कोणाला ऐकवणार हेही सांगावे.

लिहिताना अहिराणी सुधारू नये. ती "डोया" म्हणाली तर "डोया"च लिहावे, "डोळा" नव्हे. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींची कविता पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आली ती १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर. घरच्यांनी ती तोंडून निघाली तशी टिपून ठेवली होती, म्हणून तिचा बोलीचा बाज टिकला.

लिहून झाले की वही आजीला वाचून दाखवावी, आणि त्या वेळीही रेकॉर्डिंग चालूच ठेवावे. स्वतःहून आठवण्यापेक्षा ऐकून ओळखणे मेंदूला सोपे जाते, त्यामुळे एवढा वेळ काही आठवत नाही म्हणणारी आजी मधेच हात वर करते, "असं नही वं माय" म्हणते आणि वहीत नसलेल्या दोन ओव्या जोडून म्हणते.