सेगाचा थ्रीडी चष्मा आज घरी कसा चालवावा

सेगा मास्टर सिस्टिम या टीव्हीला जोडायच्या जुन्या गेम कन्सोलसाठी सेगास्कोप थ्रीडी चष्मा निघाला १९८७ साली. आज तो ज्यांच्या हाती येतो त्यांतले बरेच जण दोन दिवसांत वैतागतात. "नुसती लुकलुक होतेय, थ्रीडी काही दिसत नाही, चष्मा गेलाय" असं म्हणून मोकळे होतात. मी असे बरेच चष्मे तपासले आहेत आणि त्यांतले खरोखर गेलेले फार थोडे निघाले. दोष बहुतेक वेळा टीव्हीचा असतो, आणि सल्ला देणारे मात्र आधी चष्मा उघडायला लावतात.

जोडणी सोपी आहे. कन्सोल बंद असताना कार्डाच्या आकाराचा अडॅप्टर कन्सोलच्या पुढच्या बाजूला गेम-कार्डासाठी असलेल्या खाचेत घाला, चष्म्याची पिन त्यात खोचा, गेमची कॅसेट नेहमीच्या जागी बसवा आणि मग कन्सोल चालू करा. मास्टर सिस्टिम टू घेऊ नका, त्याला कार्डाची खाचच नाही. जपानी मास्टर सिस्टिमला चष्म्याची पिन थेट कन्सोलमध्येच जाते, अडॅप्टर लागत नाही.

अमेरिकेहून कन्सोल आणला असेल तर तिकडचा १२० व्होल्टचा विजेचा अडॅप्टर आपल्या प्लगमध्ये घालू नका. इथलाच ९ व्होल्ट डीसी अडॅप्टर घ्या, पण पिनेच्या मधोमध निगेटिव्ह आहे याची मल्टिमीटरने खात्री करा. चित्र अँटेनाच्या वायरीतून न घेता एव्हीतून, म्हणजे टीव्हीला थेट चित्र देणाऱ्या वेगळ्या वायरीतून घ्या. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या टीव्हीवर अमेरिकन कन्सोलचा रंग येणार नाही, चित्र काळं-पांढरं दिसेल. तरी थ्रीडी होतं, त्यामुळे टीव्ही लगेच बाद करू नका.

आता मुख्य गोष्ट, टीव्ही. माझे कित्येक महिने यात गेले.

हा चष्मा म्हणजे लाल-निळ्या कागदी चष्म्याचा भाऊ नव्हे. याच्या दोन्ही काचा एलसीडीच्या असतात. वीज मिळाली की काच काळी होते, वीज गेली की पारदर्शक. अमेरिकन किंवा जपानी कन्सोल सेकंदाला ६० चित्रं पाठवतो, एक डाव्या डोळ्याचं, पुढचं उजव्याचं. चित्र बदललं की त्याच क्षणी गेम कन्सोलच्या मेमरीतल्या एका ठरावीक पत्त्यावर एक आकडा लिहितो आणि काळी काच साफ, साफ काच काळी होते. टीव्हीने चित्र खरंच दाखवलं की नाही हे चष्म्याला कळायला काही मार्ग नाही. कन्सोलने पाठवलेलं चित्र त्याच क्षणी पडद्यावर उमटणार, असं गृहीत धरून हे सगळं बांधलंय. पिक्चर ट्यूबचा साधा डब्बा टीव्ही नेमकं तेच करतो, चित्र येईल तसं रेघेरेघेने रंगवत जातो.

आजचा एलसीडी किंवा एलईडी टीव्ही आधी चित्र साठवतो, मग त्याचा आकार वाढवतो, मग दाखवतो. त्यात काही टीव्ही या जुन्या सिग्नलला अर्ध्या-अर्ध्या रेघांचा सिग्नल समजून शेजारशेजारची दोन चित्रं एकत्र विणतात. म्हणजे डाव्या आणि उजव्या डोळ्याची खिचडी पडद्यावरच होते, आणि मग कोणताही चष्मा ती वेगळी करू शकत नाही. सेटिंगमध्ये गेम मोड लावा, असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. गेम मोडने उशीर कमी होतो, विणलेली चित्रं सुटी होत नाहीत.

माझा स्वतःचा घोटाळा याहून छुपा होता. माझ्याकडे पिक्चर ट्यूबचाच टीव्ही होता, २९ इंची, सपाट काचेचा, दिसायला झकास. त्यावर प्रत्येक वस्तू दुहेरी दिसायची आणि दहा मिनिटांत डोकं चढायचं. चष्मा बिघडलाय अशी माझी खात्री झाली. मी तो उघडला, आतली केसासारखी बारीक वायर ओढली गेली, आणि चांगला चालणारा चष्मा कायमचा गेला. नंतर टीव्हीच्या मागचं स्टिकर वाचलं. तो १०० हर्ट्झचा होता, म्हणजे सेकंदाला १०० वेळा चित्र रंगवणारा. असे सेट पिक्चर ट्यूबचे असले तरी आत चित्र साठवून ते दुप्पट वेगाने पुन्हा रंगवतात, म्हणजे दुखणं एलसीडीचंच. पुढे पुण्याच्या जुन्या बाजारातून एक साधा २१ इंची टीव्ही आणला, आणि त्यावर पहिल्या मिनिटाला थ्रीडी दिसलं. टीव्ही घेताना '१०० हर्ट्झ' किंवा 'डिजिटल' अशी काहीही मोठी जाहिरात अंगावर लिहिलेली असेल तर तो तिथेच सोडा. इथे जितका साधा, तितका चांगला.

चष्म्यावर संशय असेल तर स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा. गेम चालू करा, चष्मा उजेड असलेल्या पांढऱ्या भिंतीसमोर धरा आणि मोबाइलने स्लो मोशनमध्ये काचांचा व्हिडिओ घ्या. डावी काळी, उजवी साफ, मग उलट, अशी अदलाबदल व्हिडिओत स्पष्ट दिसते. दिसली तर चष्मा ठणठणीत आहे. एकच काच बदलत नसेल तर पिनेजवळची वायर हळूच वाकवून बघा, तुटते ती बहुतेक तिथेच. कार्डाच्या खाचेतले पट्टेही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. ९ व्होल्टची बॅटरी थेट काचेला लावून तपासा, असा सल्ला कुणी दिला तर अजिबात मानू नका. एलसीडीला एकाच दिशेचा प्रवाह सोसत नाही, काच हळूहळू निकामी होते.

आता टीव्हीची परीक्षा. चष्मा न लावता पडद्यावर प्रत्येक वस्तूच्या दोन प्रती थोड्या सरकलेल्या दिसतील. चष्मा लावून डावा डोळा मिटा, एकच प्रत उरली पाहिजे. मग उजवा मिटा, दुसरी उरली पाहिजे. कोणत्याही डोळ्याला दोन्ही ठळक दिसत असतील तर टीव्ही बदला. प्रती सुट्या होतात पण जवळचं लांब आणि लांबचं जवळ वाटतंय, असं झालं तर चष्मा उलटा, वरची बाजू खाली करून धरा. चित्र लगेच सरळ झालं तर डावं-उजवं कुठेतरी अदलाबदल झालंय, बहुतेक कुणीतरी पिन बदलताना वायरी उलट जोडल्यात.

दुसऱ्या प्रतीची फिकट सावली थोडी उरतेच, कारण ट्यूबवरचा उजेड विझायला क्षणभर लागतो. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट उतरवले की ती बरीच कमी होते. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. ती आपल्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि काचांच्या लुकलुकीत मिसळून डोळ्यांना त्रास देते. घरात कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर त्यांनी हा चष्मा लावूच नये, पडद्यासमोर बसूही नये.

पहिली कॅसेट स्पेस हॅरियर थ्रीडीची घ्या, खांब अंगावर धावून येतात तेव्हा चित्राची खोली एका क्षणात पटते. मिसाइल डिफेन्स थ्रीडीला लाइट फेझर बंदूकही लागते, आणि बंदुकीलाही पिक्चर ट्यूबच हवी, तेव्हा तो टीव्ही दोन्ही कामांना येतो. युरोपातला कन्सोल असेल तर चित्रं सेकंदाला ५०च, म्हणजे एका डोळ्याच्या वाट्याला २५. लुकलुक जास्त जाणवते, म्हणून त्यावर एका बैठकीत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त खेळू नका. खेळून झालं की आधी पिन काढा, आणि वायर चष्म्याभोवती गुंडाळू नका, मोठा सैल वेटोळा करून शेजारी ठेवा.