वॉर्डातून होमकेअरला येताय? या चुका टाळा

हॉस्पिटलच्या वॉर्डातली नर्स घरोघरी जाऊन पेशंट सांभाळू लागली की फरक लगेच जाणवतो. वॉर्डात सलाइन संपलं तर स्टॉकमधून मिळतं, पेशंटला घाम फुटला तर आरएमओ (हॉस्पिटलमधले निवासी डॉक्टर) धावत येतो, ड्यूटी संपली की पुढची सिस्टर हॅन्डओव्हर घेते. नागपुरातल्या मानेवाड्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यातलं काहीच नसतं. ही सगळी व्यवस्था त्या घरात पहिल्याच दिवशी उभी करावी लागते. ती न करता थेट ड्रेसिंगला हात घालणं, इथून बहुतेक चुका सुरू होतात.

पहिल्या भेटीला किमान तासभर ठेवा. डिस्चार्ज कार्ड समोर घ्या आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पलंगावर काढायला सांगा. धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलातून नवीन गोळ्या आलेल्या असतात आणि जुन्या फॅमिली डॉक्टरांच्याही चालूच असतात. ब्रँड वेगळे असले तरी आतलं औषध एकच, उदाहरणार्थ दोन्हीत बीपीचं टेल्मिसार्टन. म्हणून स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचा. दुहेरी गोळी सापडली तर पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना फोन करा आणि उत्तर लेखी मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज चालतो. तोंडी ऑर्डर घ्यावीच लागली, तर औषधाचं नाव आणि डोस परत म्हणून दाखवा.

सगळं स्वतःच करणं

तुमची भेट पाऊण तासाची असते, उरलेले तेवीस तास घरच्यांचे. वॉर्डात नातेवाइकांना बाहेर बसवायची सवय लागलेली असते, ती इथे महागात पडते. एकदा करून दाखवा, मग दोनदा त्यांच्या हाताने करून घ्या. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. ‘काकू, आज रात्री नळी निघाली तर काय कराल?’ असं विचारा. आणि शिकवायचं ते रात्री खरोखर जागणाऱ्या माणसाला. प्रश्न विचारणारा मुलगा बहुतेक वेळा झोपलेला असतो, उठते ती सून किंवा ब्युरोकडून आलेली देखभालीची बाई.

राइल्स ट्यूबच्या (नाकातून पोटात जाणाऱ्या, जेवण द्यायच्या नळीच्या) बाबतीत हे फार महत्त्वाचं. नळी पोटातच आहे ना हे पाहायला सिरिंजने हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकणं भरवशाचं नाही. नळी श्वासनलिकेत असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. वॉर्डात एक्स-रे होता, इथे नाही. नाकाशी नळीवर किती सेंटिमीटर आहे ते वहीत लिहा आणि दर फीडआधी तपासा. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लता) ५.५ किंवा त्याखाली असेल तर ठीक. अ‍ॅसिडिटीचं पॅन्टोप्राझोल चालू असेल तर तो वर जाऊ शकतो. खूण सरकली असेल किंवा शंका असेल, तर फीड देऊ नका, डॉक्टरांना कळवा. फीड देताना डोकं ३० ते ४५ अंश उंच, २०० ते २५० मिली १५ ते २० मिनिटांत, पुढे तासभर आडवं करायचं नाही. आधी आणि नंतर ३० मिली पाणी.

नळी चोंदते ती बहुधा न गाळलेल्या वरणामुळे किंवा जाडसर कुटलेल्या गोळीमुळे. वरण मलमलच्या कापडातून गाळा, प्रत्येक गोळी वेगळी विरघळवा. नावापुढे एसआर किंवा एक्सएल असलेली (हळूहळू विरघळणारी) गोळी कधीही कुटू नका, पर्याय डॉक्टरांकडून घ्या. चोंदलीच तर ५० मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी हलकेच आत-बाहेर करा. जोर लावला किंवा तार घातली तर नळी फाटते.

ऑक्सिजन आणि कूलर

उन्हाळ्यात नागपुरात कूलरशिवाय खोली नसते आणि कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन) नेमका त्याच्याच झोतात ठेवलेला असतो. ओली हवा आत गेली की नायट्रोजन शोषणारं झिओलाइट खराब होतं, मशीन चालू दिसतं पण शुद्धता घसरते. मशीन झोतापासून दूर आणि भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, बाहेरची जाळी दर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवा.

एसपीओटू (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) घसरला तर आधी पेशंट पाहा: ओठांचा रंग, श्वासाची गती, बोटं गार आहेत का. मग कॅन्युलाची (नाकात लावायच्या ऑक्सिजनच्या नळीची) टोकं ग्लासभर पाण्यात बुडवा. बुडबुडे नसतील तर नळी मुडपली आहे किंवा ह्युमिडिफायरचं (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं) झाकण सैल आहे. कॅन्युला पुसून परत लावा. सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला डॉक्टरांनी ८८ ते ९२ टक्के सांगितलं असेल, तर घरच्यांनी धसक्याने फ्लो वाढवू नये म्हणून ठरलेल्या आकड्यावर मार्करने खूण करा. वीज गेली तर? भरलेला बी टाइप सिलिंडर साधारण १५०० लिटरचा, मिनिटाला दोन लिटरने जेमतेम १२ तास. हिशोब ९ तासांचा धरा आणि पाना सिलिंडरलाच बांधून ठेवा.

डिक्कीतलं इन्सुलिन

नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) स्कूटरची डिक्की भट्टीच होते. इन्सुलिन, अ‍ॅड्रेनालिन, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या तिच्यात ठेवू नका. पाठीवरच्या बॅगेत जेल पॅकसह थर्मासची पिशवी असावी, पण इन्सुलिन जेलला थेट टेकू देऊ नका, गोठलं की ते वाया जातं. रक्ताचे नमुने सकाळीच घ्या. साध्या ट्यूबमध्ये सामान्य तापमानालाही साखर दर तासाला ५ ते ७ टक्के घटते, म्हणून शुगरला फ्लुओराइडची ट्यूब वापरा. वाडीहून कामठीला भरदुपारी जाण्यासारख्या भेटी लावू नका. अकराच्या आत आणि पाचनंतर, एका बाजूची घरं एका फेरीत घ्या.

अँटिबायोटिकचा पहिला आयव्ही डोस घरी देऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. पुढच्या डोसलाही, तीव्र अ‍ॅलर्जी आली तर म्हणून, अ‍ॅड्रेनालिनची लेखी ऑर्डर हवी: मोठ्या माणसाला १:१००० चं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. देऊन लगेच १०८ लावा आणि पेशंटला आडवंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसवा, पण उभं करू नका.

‘सिस्टर, तेवढ्या पोळ्या लाटून द्या ना’ हे ऐकायला मिळणारच. कामाची यादी पहिल्या दिवशी लेखी दिलेली असली की नाही म्हणणं सोपं जातं. सुया मात्र घरच्या कचऱ्यात कधीच टाकू नका. भोक न पडणाऱ्या डब्यात घालून एजन्सीच्या किंवा हॉस्पिटलच्या जैववैद्यकीय कचऱ्यात परत द्या. पालिकेच्या घंटागाडीवर पिशवी उघड्या हातांनी चाळली जाते.