शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प कसा निवडावा आणि कसा मांडावा

दिवाळीची सुट्टी संपली की मुंबईतील अनेक शाळांच्या सूचनाफलकावर विज्ञान प्रदर्शनाची तारीख लागते आणि घरोघरी तयार प्रतिकृतीची शोधाशोध सुरू होते. लाल फेस ओकणारा ज्वालामुखी, सिरिंजवर चालणारी हायड्रॉलिक क्रेन, पावसाचे पाणी साठवणारे पुठ्ठ्याचे घर आणि कचरा ओळखणारा सेन्सरचा डबा ही मंडळी दरवर्षी नेमाने हजेरी लावतात. त्यांत वाईट असे काही नाही. पण ‘हे करून तुला नवीन काय कळले?’ असे परीक्षकांनी विचारले की प्रतिकृतीमागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातील वाक्यच म्हणून दाखवावे लागते. ज्याचे उत्तर आधी ठाऊक नाही आणि जे मोजून काढता येते, असा एक लहान प्रश्न निवडणे हे या कामातील सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. पुढील मार्गदर्शन सहावी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे.

पहिली पायरी : प्रकल्प कोठे मांडायचा आहे, ते पाहावे

सगळ्या स्पर्धा एकाच गोष्टीला गुण देत नाहीत. शालेय विज्ञान प्रदर्शन शाळेपासून सुरू होऊन मुंबईत वॉर्ड आणि विभाग अशा टप्प्यांनी राज्यस्तरापर्यंत जाते. त्याचा मुख्य विषय आणि उपविषय एनसीईआरटी ही केंद्र सरकारची शैक्षणिक संस्था जाहीर करते, आणि सहावी ते आठवी व नववी ते बारावी असे दोन गट असतात. प्रकल्प उपविषयात बसत नसेल तर तो कितीही चांगला असला तरी अडतो, म्हणून विज्ञान शिक्षकांकडून ते परिपत्रक मागून घेऊन आधी वाचावे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत रोजच्या अडचणीवर सुचवलेल्या कल्पनेला महत्त्व असते आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला प्रतिकृतीसाठी 10,000 रुपये मिळतात. नामांकन मात्र शाळेलाच करावे लागते. 1993 पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत 10 ते 17 वयोगटातील मुले आपल्या परिसरातील प्रश्नाचा अभ्यास मांडतात. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी आहे. तिच्यात लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर कृतिसंशोधन प्रकल्प व मुलाखत असते. मोजमापावर आधारलेला प्रकल्प थोड्याफार बदलाने यांपैकी बहुतेक ठिकाणी चालतो, हाही त्याचा एक फायदा आहे.

दुसरी पायरी : प्रश्न घराजवळच शोधावा

‘प्रदूषण’, ‘सौर ऊर्जा’, ‘जलसंधारण’ ही विषयांची नावे झाली. प्रश्न विचारायचा तर काय बदलायचे आणि त्यामुळे काय बदलते, या दोन्ही गोष्टी एका वाक्यात यायला हव्यात. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या दमट शहरात असे प्रश्न पावलोपावली सापडतात. नळाच्या, पावसाच्या आणि दादर चौपाटीवरून आणलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या सारख्या खिळ्यांपैकी कोणता किती लवकर गंजतो? इमारतीच्या तळमजल्यावर आणि सातव्या मजल्यावर रस्त्याचा आवाज किती वेगळा भरतो? मोबाइलमधील ॲपवर दिसणारे डेसिबलचे आकडे प्रमाणित नसतात, त्यामुळे शेवटच्या प्रकल्पात फक्त एकाच फोनवर घेतलेल्या वाचनांची तुलना करावी, कायदेशीर मर्यादेशी ती ताडून पाहू नयेत.

खगोलाची आवड असणाऱ्याला 23 सप्टेंबरच्या सुमारास गच्चीवर एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करून तिच्या सर्वांत आखूड सावलीवरून मुंबईचे अक्षांश काढता येतात. ती सावली 34 सेंटिमीटरच्या आसपास भरते, त्यावरून कोन सुमारे 19 अंश येतो, आणि ती घड्याळात 12 वाजता न पडता साडेबाराच्या सुमारास पडते. तसे का होते, याचे उत्तर भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावर ठरते त्याच्या पश्चिमेला मुंबई किती दूर आहे, यात सापडते. मात्र वर्षाच्या त्या काळात आकाश ढगाळ असू शकते, म्हणून हाताशी चार-पाच दिवस ठेवावेत आणि दिवस बदलला तर सूर्याच्या क्रांतीची, म्हणजे त्या दिवशी सूर्य विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश आहे त्याची, दुरुस्ती करावी.

पुढील पायऱ्या समजावून सांगण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ : माठातले पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जितके गार होते तितके पावसाळ्यात का होत नाही? ‘बाष्पीभवनामुळे पाणी गार होते’ एवढे उत्तर प्रत्येकाला माहीत असते. पाणी जास्तीत जास्त किती गार होऊ शकते आणि ती मर्यादा कशावर ठरते, हे मात्र फारच थोड्यांनी मोजलेले असते, आणि प्रकल्पाची जागा नेमकी तेथे आहे.

प्रश्न पक्का करण्यापूर्वी तो तीन कसोट्यांवर घासून पाहावा. लागणारी उपकरणे घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत आहेत का? एक मोजमाप एका दिवसात पूर्ण होते का, म्हणजे ते पुन्हा करता येईल? आणि काही बिघडले तर कोणाला इजा होणार नाही ना? घरच्या विजेवर उघड्या तारांनी केलेले प्रयोग, तीव्र आम्ले आणि जिवाणू वाढवणे या गोष्टी टाळाव्यात. मिठाच्या पाण्यातून वीज सोडण्याचा प्रयोग निरुपद्रवी वाटतो, पण त्यातून क्लोरिन वायू निघतो. तो बंद खोलीत मुळीच करू नये.

तिसरी पायरी : प्रयोगाची आखणी

धारावीच्या कुंभारवाड्यातून एकाच भट्टीतले, सारख्या आकाराचे, दोन-तीन लिटर मावतील असे दोन लहान माठ आणावेत. माती किती चाळली, भट्टी किती तापवली आणि त्याने माठ किती झिरपतो, हे तेथल्या कारागिराला विचारून वहीत लिहून घ्यावे; पुस्तकात न मिळणारी ही माहिती परीक्षकांना हमखास आवडते. एका माठाला बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा, म्हणजे त्याची छिद्रे बुजतील. तिसरे भांडे साध्या स्टीलचे घ्यावे. आता साधा माठ, रंगवलेला माठ आणि स्टीलचे भांडे यांतील फरक जवळजवळ फक्त झिरपण्याचा उरतो, आणि पाणी साध्या माठातच गार झाले तर त्याचे कारण दाखवता येते. रंगवलेला माठ नसेल, तर ‘माती मुळातच थंड असते’ असे म्हणणाऱ्याला उत्तर देता येणार नाही.

नवा माठ वापरण्यापूर्वी दिवसभर पाण्यात भिजवून ठेवावा. तिन्ही भांड्यांत एकाच बादलीतले, रात्रभर खोलीत ठेवलेले, प्रत्येकी दोन लिटर पाणी भरावे, तोंडावर सारखी झाकणे ठेवावीत आणि ती उन्हापासून दूर, एकाच खोलीत, पंख्यापासून सारख्याच अंतरावर ठेवावीत. शेजारी दोन तापमापी टांगाव्यात. एकीचा फुगा कोरडा ठेवावा आणि दुसरीच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळावे. ओली तापमापी जेथे स्थिरावते त्याखाली माठातले पाणी जाणार नाही, हा या प्रकल्पाचा अंदाज. तो प्रयोगाआधीच तारीख घालून वहीत लिहावा. हवेत बाष्प जितके जास्त, तितका दोन्ही तापमापींतील फरक कमी. उदाहरणार्थ, हवेचे तापमान 30 अंश असताना ओली तापमापी 27 अंशांवर थांबली तर सापेक्ष आर्द्रता सुमारे 79 टक्के असते, आणि ती 22 अंशांपर्यंत उतरली तर सुमारे 50 टक्के. हवामान खात्याच्या कुलाबा आणि सांताक्रूझ येथील वेधशाळांचे त्या दिवसाचे आर्द्रतेचे आकडे रोज जाहीर होतात. आपले आकडे त्यांच्याशी ताडून पाहता येतात.

दर तासाला तिन्ही भांड्यांतील पाण्याचे तापमान आणि स्वयंपाकघरातील पाच किलोच्या डिजिटल काट्यावर त्यांचे वजन नोंदवावे. वजन घेण्यामागे हिशेब आहे. एक लिटर पाणी एका अंशाने गार करण्यासाठी सुमारे 4.2 किलोज्यूल उष्णता काढावी लागते आणि एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता नेते. म्हणजे दोन लिटर पाणी चार अंशांनी उतरायला हिशेबाने 14 ग्रॅम पाणी उडून जायला हवे. प्रत्यक्षात वजन यापेक्षा बरेच जास्त घटते, कारण गार झालेल्या माठात बाहेरच्या हवेतून उष्णता सतत शिरत असते. हिशेब आणि मोजमाप यांतील ही तफावत लपवू नये; ती ठळकपणे मांडून तिचे कारण सांगणारा विद्यार्थी इतरांपेक्षा चटकन वेगळा दिसतो.

हेच मोजमाप सप्टेंबरमध्ये किमान तीन दिवस आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा किमान तीन दिवस करावे. मुंबईत दुपारी समुद्राकडून खारे वारे आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात, त्यामुळे हवेतील बाष्प दिवसभरातही बदलते. म्हणून वेळ प्रत्येक दिवशी तीच ठेवावी. सप्टेंबर हातचा निघून गेला असेल, तर बंद न्हाणीघरात आणि हवेशीर गॅलरीत एकाच दिवशी मोजमाप करूनही काम भागते.

चौथी पायरी : नोंदवही

सुटी पाने नकोत, बांधलेली वही हवी. तारीख, वेळ, आकडा, एकक आणि शेरा हे सारे त्याच वेळी पेनाने लिहावे. चुकलेला आकडा एका रेघेने खोडावा, पांढऱ्या शाईने झाकू नये. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री सुबक अक्षरात उतरवून काढलेली वही अनुभवी परीक्षकाला पहिल्याच पानावर ओळखू येते. मोजण्यापूर्वी सगळ्या तापमापी एकाच पाण्यात बुडवून त्या सारखे तापमान दाखवतात का ते पाहावे. तापमापीवर एका अंशाच्या रेषा असतील, तर अर्ध्या अंशाच्या फरकावर निष्कर्ष उभारू नये.

पालकांनी किती मदत करावी, हा प्रश्न येथेच येतो. माठ आणून द्यावा, उंचावरचे सामान काढून द्यावे, शाळेच्या वेळात एखादे वाचन घ्यावे लागले तर ते आपल्या नावाने वहीत लिहावे. निष्कर्ष मात्र मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावा. अडचण आली तर शिक्षकांबरोबरच वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र किंवा चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद येथे जाऊन प्रश्न विचारता येतो. तेथे जाण्यापूर्वी प्रश्न लेखी तयार असावा.

पाचवी पायरी : तक्ता आणि टेबल

पुठ्ठ्याचा किंवा सनबोर्डचा, तीन भागांत घडी होणारा तक्ता करावा. डावीकडे प्रश्न आणि अंदाज, मधल्या भागात आलेख, उजवीकडे निष्कर्ष आणि मर्यादा; साहित्य आणि कृती चार ओळींत आटोपावी. शीर्षक तीन मीटरवरून आणि मजकूर एक मीटरवरून वाचता यायला हवा. आलेख एकच असला तरी चालेल, पण त्यात आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान, तिन्ही भांड्यांच्या तीन रेषा आणि ओल्या तापमापीची चौथी तुटक रेषा असावी. साध्या माठाची रेषा त्या तुटक रेषेकडे सरकत जाते, आणि सगळा प्रकल्प त्या एका चित्रात येतो. चकचकीत फ्लेक्सवर इंटरनेटवरून घेतलेली पृथ्वीची चित्रे छापण्यात पैसे घालवू नयेत.

सामान शाळेपर्यंत कसे न्यायचे, याचाही विचार तक्ता कापण्यापूर्वीच करावा. सकाळी सव्वाआठच्या लोकलमध्ये चार फुटांचा सलग बोर्ड आणि भरलेला माठ घेऊन चढणे शक्य नसते. माठ रिकामा आणि कापडात गुंडाळून न्यावा. पाणी शाळेत भरले तर ते तेथे पोहोचल्यावर तासाभरात फारसे गार होणार नाही, म्हणून आदल्या दिवशी शिक्षकांच्या परवानगीने भरून ठेवावे. कोरडी आणि ओली तापमापी टेबलावर टांगून ठेवावी. येणाऱ्याला स्वतः वाचन घेऊ द्यावे.

सहावी पायरी : परीक्षकांसमोर

परीक्षकांकडे एका टेबलासाठी जेमतेम पाच मिनिटे असतात. ‘नमस्कार, आमच्या प्रकल्पाचे नाव…’ अशा पाठ केलेल्या भाषणात त्यांतील दोन मिनिटे जातात. त्याऐवजी पहिल्या वाक्यात प्रश्न, दुसऱ्यात काय मोजले आणि तिसऱ्यात काय सापडले ते सांगून आलेखावर बोट ठेवावे. दोघांनी मिळून प्रकल्प केला असेल तर बोलणे वाटून घ्यावे, पण प्रश्नांची उत्तरे दोघांनाही यायला हवीत. परीक्षक मुद्दाम गप्प राहिलेल्याला विचारतात.

साधारणपणे विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. रंगवलेला माठ कशासाठी घेतला? प्रयोग किती वेळा केला आणि दर वेळी सारखेच आकडे आले का? माठ दुप्पट मोठा असता तर काय झाले असते? तुमच्या मोजमापात चूक कोठून शिरली असेल? यांची उत्तरे घरी कोणालातरी समोर बसवून मोठ्याने देऊन पाहावीत, शक्यतो विज्ञान न शिकलेल्या माणसाला, कारण आजीला समजले तर परीक्षकांनाही समजते. ज्याचे उत्तर येत नाही तेथे ‘हे आम्ही मोजले नाही, पण असे मोजता येईल’ असे म्हणून मोजण्याची रीत सांगावी. अंदाज चुकला असेल तर तो चुकला असेच सांगावे. चुकलेल्या अंदाजाचे गुण जात नाहीत, मागाहून बदललेल्या अंदाजाचे जातात.

पुढच्या फेरीसाठी निवड झाली तर मधल्या दिवसांत तक्ता नव्याने रंगवत बसण्यापेक्षा परीक्षकांनी विचारलेला आणि अडलेला प्रश्न घ्यावा, त्यासाठी आणखी दोन-तीन दिवसांची वाचने घ्यावीत आणि ती त्याच वहीत, नव्या तारखेखाली नोंदवावीत.