कोलेस्टेरॉल वाढलंय? आधी थायरॉइड तपासून घ्या

रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १७० दिसलं की घरात लगेच फर्मान निघतं: तूप बंद! पण त्याआधी थायरॉइडच्या रक्त तपासणीतला टीएसएचचा आकडा बघायला हवा; थायरॉइड मंदावलं की तो सहसा वाढतो. रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की हे रिसेप्टर घटतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली आणखी एक चरबी, तिचा निचराही मंदावतो. जेवण तेच, तरी आकडे चढतात.

म्हणून लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्त तपासणी, करताना सोबतच टीएसएच करून घ्या. उपाशीपोटी यायला सांगितलं असेल तर ९ ते १२ तास फक्त पाणी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर निदान दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर टीएसएच खोटंच कमी दिसू शकतं.

बहुतेक लॅब टीएसएच साधारण ०.४ ते ४ नॉर्मल धरतात. गरोदरपणात हिशेब वेगळा. १०च्या वर असेल तर डॉक्टर सहसा गोळी सुरू करतात. टीएसएच ४ ते १०मध्ये आणि टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) नॉर्मल असेल, तर कोलेस्टेरॉलचं सगळं खापर थायरॉइडवर फोडू नका.

गोळी सुरू झाली की खरी चूक स्वयंपाकघरात होते. माझी मावशी कित्येक महिने ती सकाळच्या चहासोबत घ्यायची, वर कॅल्शियमची गोळीही तेव्हाच. दोन्हींमुळे औषध नीट शोषलं जात नाही. गोळी उठल्याउठल्या साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. मावशीने डबी देव्हाऱ्याजवळून उचलून उशाशी ठेवली, तेव्हा जमलं.

६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. ते जागेवर आलं की लिपिड प्रोफाइल. थायरॉइडवर उपचार नसताना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) घेतलं तर स्नायूंना त्रास होण्याचा धोका वाढतो, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. मात्र मधुमेह किंवा हृदयविकारासाठी स्टॅटिन चालू असेल तर ते मनाने बंद करू नका, हे मी कळकळीने सांगते.

थायरॉइड नॉर्मल, तरी ट्रायग्लिसराइड १५०च्या वर? मग टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध माप घ्या. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर भरलं, तर साखर आणि रक्तदाबही तपासून घ्या.