हॉट रॉडचे पुढचे सस्पेन्शन निवडताना या चुका टाळा

फोर्डने १९४८ पर्यंत आपल्या मोटारींना पुढे अखंड ॲक्सल आणि त्यावर एकच आडवा पाटा (लीफ स्प्रिंग) हीच रचना ठेवली होती. त्यामुळे १९३२ ची फोर्ड घेऊन हॉट रॉड (जुन्या मोटारीत बदल करून बनवलेली वेगवान गाडी) बांधणाऱ्यासमोर दोन मार्ग असतात: हाच घाट कायम ठेवणे किंवा १९७४ ते १९७८ च्या फोर्ड मस्टँग टू या मोटारीच्या धर्तीचे, प्रत्येक चाकाला स्वतंत्र हालचाल देणारे सस्पेन्शन बसवणे. मडगार्ड नसलेल्या गाडीवर पुढचा ॲक्सल उघडा दिसतो आणि तोच तिचा चेहरा असतो, म्हणून तिथे मी पहिला मार्गच निवडेन.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पोकळ नळीच्या ॲक्सलला हेअरपिन (ॲक्सल चेसिसशी जोडणारे, केसांच्या पिनेच्या आकाराचे दांडे) जोडणे. एक चाक उंचवट्यावर चढले की दोन्ही बाजूंचे हेअरपिन वेगवेगळ्या कोनांत फिरतात आणि ॲक्सलला पीळ देतात. घडीव आय-बीम (इंग्रजी I आकाराच्या छेदाचा ॲक्सल) हा पीळ सोसतो. नळी सोसत नाही, आणि सगळा ताण ब्रॅकेट व वेल्डिंगवर येऊन रंगाखाली केसासारखी चीर पडते. खात्री करायची असेल तर पाटा काढून ठेवावा आणि ॲक्सलच्या एकाच टोकाखाली जॅक लावून ते हळूहळू उचलावे. नळीबरोबर फोर-बार (प्रत्येक बाजूला दोन समांतर दांड्यांची जोडणी) असेल तर टोक सहज वर जाते, हेअरपिन असतील तर ते अडते. नळीचाच ॲक्सल हवा असेल, तर फोर-बारच घ्यावा.

खड्ड्यातून जाताना गाडी आपोआप बाजूला ओढत असेल, तर स्टीअरिंगची जोडणी तपासावी. चेसिसवरील स्टीअरिंग बॉक्सपासून पलीकडच्या चाकाकडे आडवा रॉड जात असेल, तर पाट्याच्या शॅकलमुळे (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू शकतो आणि त्या सरकण्यानेच चाके वळतात. यासाठी पॅनहार्ड बार (ॲक्सलला चेसिसशी आडवा जोडून बाजूला सरकू न देणारा दांडा) आवश्यक आहे. तो त्या रॉडला समांतर आणि शक्य तितका त्याच लांबीचा असावा.

चाके थरथरू लागली की अनेकजण आधी स्टीअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) विकत घेतात, पण त्याने दोष फक्त झाकला जातो. टायरचे संतुलन, किंगपिनमधील (चाक ज्यावर वळते ती खीळ) ढिलाई, सुमारे ३ मिलिमीटर टो-इन (चाकांचा पुढून आत असलेला कल) आणि ५ ते ७ अंश कॅस्टर (किंगपिनचा मागे असलेला कल) हे आधी पाहावे. गाडीचे नाक खाली झुकवले की कॅस्टर कमी होतो, म्हणून मोजमाप कायमचे टायर चढवून आणि इंजिन बसवूनच घ्यावे.

मस्टँग टूची रचना बसवताना क्रॉसमेंबरची (चेसिसच्या दोन्ही बाजू जोडणारी आडवी तुळई) उंची अंदाजाने ठरवू नये. गाडी आपल्या उंचीवर उभी असताना चाकांना धरणारे खालचे आर्म जवळपास जमिनीला समांतर असले पाहिजेत. १९३२ च्या चेसिसचे उघडे सी-आकाराचे रेल (दोन्ही बाजूंच्या लांब तुळया) वेल्डिंगपूर्वी आतून पत्रा जोडून बंद करावेत.

शेवटी एका रिमच्या खालच्या कडेपासून पलीकडच्या बाजूच्या टायरच्या तळापर्यंत दोरी ताणावी, मग दुसऱ्या बाजूनेही तसेच करावे. टायर फुटल्यावर गाडी जेवढी खाली बसते तेवढी ही रेघ असते. तिच्याखाली एखादा ब्रॅकेट किंवा टाय रॉड येत असेल, तर गाडी रस्त्यावर नेऊ नये.