जुन्या गाडीत कूलंटच्या या चुका टाळा, नाही तं हेड उतरवा लागते

गाडीतलं पाणी कमी झालं तं ते कुठं तरी गेलं, एवढी एक गोष्ट मी डोक्यात ठेवली असती तं माह्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाचलं असतं. रेडिएटर म्हणजे घरचा कुलर नाही भाऊ, की पाणी उडून जाते अन् रोज बकेटीनं भरा लागते. ती बंद सिस्टीम आहे. चांगल्या गाडीत महिनोन् महिने थेंब टाकाचं काम पडत नाही.

माही गाडी 2006 ची, लहानी पेट्रोल गाडी, सेकंडहँड घेतलेली. फेब्रुवारीपासून आठ-आठ दिवसांनी कूलंटची, म्हणजे इंजिन थंडं ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली अर्धी व्हायची अन् मी वावरातल्या बोअरचं पाणी टाकत गेलो, म्हटलं जुनी गाडी आहे, पिते थोडं पाणी. मे महिन्यात दुपारी दोन वाजता मूर्तिजापूर-दर्यापूर रोडवर, बाहेर 45 डिग्री, गरमीचा काटा वर गेला अन् गावात पोचू म्हणून मी अजून पाच-सहा किलोमीटर तशीच ओढली. ही सगळ्यात महागाची चूक. हेड बहुतेक गाड्यांत अॅल्युमिनियमचं असते, जास्त तापलं की वाकते अन् मंग त्याच्याखालची गॅस्केट, म्हणजे सील, जाते.

हेड उतरवल्यावर मिस्त्रीनं मले जवळ बोलावलं अन् पाण्याच्या वाटांमध्ये स्क्रूड्रायव्हर घातला तं खरखर करत पांढरे पापुद्रे खाली पडले, जुन्या भिंतीचा चुना पडते तसे. थर्मोस्टॅट, म्हणजे गरमी पाहून पाण्याची वाट उघडणारी झडप, बसते ते तोंड तं उंदरानं कुरतडल्यासारखं झालं होतं. अन् पाणी जात कुठून होतं? वॉटर बॉडी म्हणजे पाणी फिरवणारा पंप, त्याच्याखाली एक बारीक भोक असते, आतलं सील गेलं की तिथून पाणी झिरपते. बेल्टच्या मागं वाळलेला हिरवट-पांढरा ओघळ होता, टॉर्च मारला असता तं फेब्रुवारीतच दिसला असता. फेसिंग (वाकलेलं हेड घासून सपाट करणं), गॅस्केट, वॉटर बॉडी, मजुरी धरून 13,000 गेले.

आपल्याकडं बोअरच्या पाण्याचं जास्त सांगा लागते, कारण अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीचा खारपाणपट्टा जाते. उन्हाळ्यात कुलरच्या गवतावर अन् पंपावर जो पांढरा थर चढते नं, तोच थर गाडीच्या आत चढते, फक्त तिथं आपल्याले दिसत नाही. थर चढला की धातूची गरमी पाण्यात उतरत नाही, अन् पाण्यातलं मीठ अॅल्युमिनियम खाते. जे पाणी कुलरचं गवत खराब करते ते रेडिएटरमध्ये टाकाचंच नाही. डिस्टिल्ड वॉटर वापरा, बॅटरीच्या दुकानात मिळते, फक्त लेबल वाचून घ्या, अॅसिडची कॅन तशीच दिसते. रस्त्यात अडकले अन् दुसरं काहीच नसलं तं मिळेल ते स्वच्छ पाणी टाकून घरी या, पण नंतर सगळं काढून फ्लश करा.

आपल्याकडं बर्फ पडत नाही तं कूलंट काहून पायजे, असं लय लोक म्हणतात. कूलंट गंजापासून वाचवते अन् पाण्याचा उकळबिंदू वाढवते. साधं पाणी 100 डिग्रीले उकळते, अर्धं कूलंट अर्धं पाणी असलं तं 107 च्या आसपास, अन् वर रेडिएटरचं झाकण चांगलं असलं तं कुकरसारखं प्रेशर धरून तोच आकडा 125 च्या जवळ जाते. म्हणून झाकणाचं रबर कडक झालं, फाटलं तं बदला, स्वस्तातली वस्तू आहे अन् लय गाड्यांत तीच खराब असते. बाटली भरलेली अन् रेडिएटर रिकामा, किंवा गाडी थंडी झाल्यावर वरचा पाइप चिपकलेला दिसला तं आधी झाकण पाहा, मंग बाटलीकडं जाणारी बारीक नळी कुठं चिरली का ते पाहा.

कॅन घेताना ती रेडी टू यूज आहे की कॉन्सन्ट्रेट हे वाचा. रेडी वाल्यात अजून पाणी टाकलं तं ते पातळ होते, अन् कॉन्सन्ट्रेट निव्वळ टाकलं तं गाडी थंडी राहण्याऐवजी जास्त तापू शकते, कारण गरमी वाहून न्यायले पाणीच जास्त कामाचं. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हा फक्त रंग आहे, एकाच रंगाचे दोन कूलंट आतून वेगळे असू शकतात, मिक्स झाले तं गंजरोधक लवकर संपते अन् कधी गाळ धरते. आधी काय होतं माहीत नसलं तं पूर्ण काढून, डिस्टिल्डनं धुऊन, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं भरा. जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट असलं तं दोन वर्षांत बदलाचं, दिसाले स्वच्छ असलं तरी.

उन्हाळा लागला की थर्मोस्टॅट काढून फेकाची सवय आपल्याकडं जुनी आहे, माह्या गाडीतलाही आधीच्या मालकानं काढला होता. साधारण 80 ते 88 डिग्रीले तो उघडते. काढला तं हिवाळ्यात इंजिन गरमच होत नाही, अॅव्हरेज पडते, ऑइलमध्ये चिखल धरते, अन् काही इंजिनांत पाणी रेडिएटरले न जाता बायपासनंच फिरत राहते म्हणून गाडी उलटी जास्त तापते. अडकला असंन तं नवा टाका. तसंच लिकेजवर हळद टाकाचं बंद करा. हळद भोक बुजवते तशा रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

सोयाबीनचं कुटार अन् कापसाचे तंतू रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतात. एसी असली तं कंडेन्सर, म्हणजे एसीची समोरची जाळी, अन् रेडिएटरच्या मधे गादीच तयार होते, समोरून काही दिसत नाही. थ्रेशरचा हंगाम संपला की इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या बाजूले, हलक्या धारेनं धुवा. वॉशिंग सेंटरची जोराची धार मारली तं जाळीच्या बारीक पत्र्या झोपतात.

आता गाडी तापून राहिली तं कधी तापते ते आधी पाहा. चालती ठीक अन् फाटकावर, बाजारात उभी राहिली की काटा चढते, तं फॅन पाहा. फ्यूज, रिले, मंग रेडिएटरवरचा नाही तं थर्मोस्टॅटजवळचा दोन वायरचा स्विच. चाबी ऑन ठेवून त्याचं सॉकेट काढून दोन टोकं जोडली अन् फॅन फिरला तं स्विच गेला. हात मात्र फॅनपासून दूर ठेवा. उलट, रोडवर स्पीडमध्येच तापत असंन तं जाळी जाम, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा वॉटर बॉडी. नवं कूलंट भरल्यावर तापत असंन तं हवा अडकली आहे: गाडीचं तोंड चढावर, हीटर फुल गरम, झाकण उघडं ठेवून थंड्या इंजिनपासून चालू करा अन् बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. पायाजवळची चटई ओली झाली तं बोटानं पाहा, चिकट अन् गोड वास असला तं ते एसीचं पाणी नाही, हीटरचा लिकेज आहे.

सकाळी चालू करताच दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा झाला, रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑइल, यातलं काही दिसलं तं गाडी चालवूच नका, टो करून न्या. अन् काट्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, पाणीच संपलं तं सेन्सर हवेत राहते अन् काटा गपचूप खाली येते. तो खाली आला म्हणून लोक खूश होऊन पुढं जातात.

रस्त्यात तापलीच तं एसी बंद, हीटर फुल, सावली पाहून बाजूले घ्या अन् इंजिन बंद करा. पाऊण तास झाकणाले हात लावू नका, कपडा धरूनही नाही, वाफेनं तोंड-हात भाजते. तापल्या इंजिनवर थंडं पाणी ओतलं तं हेडले तडा जाऊ शकते.

अजून एक, जुनं कूलंट अंगणात सोडू नका. ते गोड लागते अन् विषारी असते, बकरी, कुत्रा, वासरू कोणीही चाटते अन् किडनी जाऊन मरते. खाली टोपलं धरा, झाकणाच्या कॅनमध्ये भरा, गॅरेजवाल्याले द्या, सांडलं तिथं पाणी टाकून धुवा. लेकरांच्या हाताले लागंन असं पाण्याच्या बाटलीत तं कधीच ठेवू नका.

मी आता बाटलीवर मार्करनं रेघ मारून ठेवली आहे अन् दर रविवारी सकाळी, गाडी थंडी असताना पाहतो. रेघेच्या खाली गेलं तं पाणी टाकाच्या आधी टॉर्च घेऊन बोनेटखाली जातो.